मदत हवी आहे: उपचार चालू असताना कंबरदुखीच्या प्रश्नावलीची टेस्ट-रीटेस्ट (तीच प्रश्नावली दोनदा भरून उत्तरं जुळतात का ते पाहणं) घ्यायची कशी?

नमस्कार मंडळी,

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. थिसिससाठी ओसवेस्ट्रीच्या (कंबरदुखीने रोजच्या कामांत किती अडचण येते ते मोजणाऱ्या) मराठी प्रश्नावलीची विश्वसनीयता तपासतेय. (१० विभाग, प्रत्येकी ० ते ५ गुण, बेरीज टक्क्यांत; जास्त गुण म्हणजे जास्त त्रास.) क्रॉनबाख अल्फा (विभाग एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७ च्या वर आलाय, तिथे काही तक्रार नाही. घोडं अडलंय पुढे.

पेशंट पहिल्यांदा येतो तेव्हा कळवळत असतो. फॉर्म भरून घेतला की शेक आणि व्यायाम सुरू. दोन आठवड्यांनी पुन्हा भरायला द्यावा तर माणसाला खरंच उतार पडलेला! मग गुणांतला फरक प्रश्नावलीचा धरायचा की उपचाराचा? दोनच दिवसांनी द्यावा तर मागची उत्तरं डोक्यात ताजी. गाईड म्हणतात, पिअर्सन (दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध) काढ आणि मोकळी हो. पण सगळ्यांचेच गुण सरसकट १० ने उतरले तरी पिअर्सन १ च येणार ना?

शिवाय आठवा विभाग लैंगिक जीवनाचा. शेजारी सासू नाहीतर मुलगा उभा. बायका तो कोराच ठेवतात. टक्केवारी ५० ऐवजी ४५ पैकी काढते, पण अल्फासाठी काय करू?

आणि बसण्याच्या विभागाचा सगळा रोख खुर्चीवर. एक आजी म्हणाल्या, "खुर्चीत कितीबी येळ बसते गं, भुईवरनं उठताना जीव जातोय." त्या विभागात त्यांना शून्य!

प्रतिसाद १

पिअर्सनबद्दल तुझंच बरोबर आहे, गाईडना न दुखावता आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, दोन्ही वेळचे गुण किती जुळतात त्याचा आकडा) काढ. सॉफ्टवेअरमध्ये 'टू-वे' आणि 'अ‍ॅब्सोल्युट अ‍ॅग्रीमेंट' निवड. 'कन्सिस्टन्सी' निवडलंस तर ते सरसकट १० पुन्हा लपतील.

दुसऱ्या वेळी फॉर्मसोबत एकच प्रश्न जोड: मागच्या वेळेपेक्षा बरं, तसंच की जास्त? आयसीसीत फक्त 'तसंच' म्हणणारे घे. तीन महिन्यांपेक्षा जुनं दुखणं असलेले निवडलेस तर असे जास्त सापडतील. गाळून निदान ५० उरायला हवेत.

नुसत्या आयसीसीवर थांबू नकोस. समजा प्रमाण विचलन (पेशंटांच्या गुणांचा पसारा) १५ आणि आयसीसी ०.९१, तर मापनातली प्रमाण त्रुटी १५ × √(१ − ०.९१) = ४.५. तिला १.९६ × √२ ने गुणलं की साधारण १२.५; एवढा फरक नुसत्या मापनाच्या त्रुटीनेही पडू शकतो. म्हणजे एखाद्या पेशंटचे गुण १० ने उतरले तरी तो सुधारला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. ओपीडीत कामाचा आकडा हाच.

आठव्यासाठी अल्फा दोनदा दे: सगळ्यांचा ९ विभागांवर, पूर्ण फॉर्मवाल्यांचा १० वर.

आजींचा मुद्दा मात्र विश्वसनीयतेचा नाही, वैधतेचा आहे. त्या दोन्ही वेळा शून्यच देतील, तुझा आयसीसी उत्तम येईल, आणि त्यांचं दुखणं मोजलंच जाणार नाही. प्रश्नावलीचे हक्क राखीव आहेत, मनाने प्रश्न घालू नकोस. जमिनीवर बसण्या-उठण्याचं वेगळं विचार आणि चर्चेच्या प्रकरणात लिही.

धागाकर्ती

खूप आभार दादा! 'तसंच' म्हणणारे ५० भरले नाहीत तर उपचाराच्या प्रतीक्षायादीतले पेशंट घेतलेले चालतील का?