हळहळ नेमकी कुणासाठी?

लहानपणी अफाट हुशार ठरलेला कुणी पुढे साधंच आयुष्य जगला की 'एवढी बुद्धी वाया गेली, समाजाने त्याला जपायला हवं होतं' असा सूर निघतो. तो मला अर्धाच पटतो.

अमेरिकेतला अफाट हुशार मुलगा म्हणून गाजलेला विल्यम सिडिस आठवतो. १९०९ साली, अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये प्रवेश आणि पुढच्याच जानेवारीत तिथल्या गणितज्ञांसमोर चौथ्या मितीवर व्याख्यान. पुढे हा माणूस आकडेमोडीच्या यंत्रावर कारकुनी करत राहिला. ट्रामची बदली-तिकिटं (एका गाडीतून दुसरीत जाण्यासाठी मिळणारी) जमवायचा, त्यावर टोपणनावाने अख्खं पुस्तकही लिहिलं! म्हणजे रडत बसला होता असं नाही. पण १९३७ मध्ये 'न्यूयॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकाने त्याला हुडकून त्याची खोलीसुद्धा वाचकांसमोर उघडी केली. त्याने खटला भरला. १९४० मध्ये अपील न्यायालयाचं म्हणणं पडलं की, बालपणीच्या अपेक्षा त्याने पुऱ्या केल्या का, हे जाणून घेण्यात लोकांना रास्त रस आहे.

या 'रास्त रसा'ला काळजी म्हणायचं? मला तर पैसे लावलेला घोडा हरल्याची चुटपुट वाटते ती. सिडिसच्या शेजारच्या टेबलावर, तेवढ्याच पगारात मान मोडून बसलेल्या पोराबद्दल कुणी ओळभर लिहिलं नाही. त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती ना!

मी स्वतः काठावर पास होणाऱ्यांतला. तिसऱ्यांदा परीक्षेत आपटलेला मुलगा नातेवाइकांचा फोन वाजताच तो उलटा ठेवतो आणि जेवायला भूक नाही म्हणतो, ते मी जवळून पाहिलंय. त्याला 'अभ्यास कमी पडला' एवढंच ऐकवतात. सिडिसच्या बाबतीत मात्र वडिलांपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांचे दोष काढून झाले.