मदत हवी आहे: आजोबांची लष्करी सेवानोंद कशी मिळवावी?

आमचे आजोबा ९१व्या वर्षी गेले. बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराची अभियांत्रिकी तुकडी) १३ वर्षं, १९६५चं युद्ध, मग जायकवाडी धरणावर इंजिनीअर. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी त्यांची आठवण-पुस्तिका करतोय. धरणाची कागदपत्रं, फोटो, अगदी त्यांची स्लाइड रूल (आकडेमोडीची सरकपट्टी)सुद्धा आहे. लष्कराचा मात्र एकही कागद नाही. पंधरा वर्षं न भरल्याने पेन्शन नव्हतं, म्हणजे पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नाही. आजीही हयात नाही. १९६५च्या युद्धाच्या समर सेवा स्टार या पदकावर नाव स्पष्ट आहे, पण सेवा क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झिजलेत. भिंगाने पाहिलं, कागद ठेवून पेन्सिलही घासली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद नाही. ते अधिकारी नव्हते, जवान होते. अपुऱ्या क्रमांकावर बॉम्बे सॅपर्सच्या खडकीतल्या रेकॉर्ड ऑफिसातून नातवाला सेवानोंद मिळते का? अर्जासोबत नात्याचा कोणता पुरावा लागतो?