कोरियन माणसं माणूसघाणी नाहीत (एका लेखाला सविस्तर उत्तर)

सई_देजॉन
काल इथे एकाने सोलमधल्या आपल्या पहिल्या सेमिस्टरवर लिहिलं. सार असं: कोरियन लोक माणूसघाणे, लिफ्टमध्ये कुणी हसत नाही, पहिल्याच भेटीत वय विचारतात म्हणजे आगाऊ, शाकाहारी माणसाची उपासमार, सबब आपल्या मुलांनी तिकडे जाऊ नये. खाली 'अगदी बरोबर'ची रांग. मी कोरियातल्याच देजॉन शहरात पीएचडी करते. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

वय विचारण्यात आगाऊपणा कसला? त्याशिवाय त्यांना तोंडच उघडता येत नाही. कुठलं क्रियापद वापरायचं, नावाने हाक मारायची की दादा म्हणायचं, सगळं जन्मसालावर ठरतं. २८ जून २०२३ पासून सरकारी कामात जगासारखंच वय मोजतात, तरी कॅम्पसवर 'कुठल्या सालचा?' सुटलेलं नाही. आपल्याकडे आडनाव आणि गाव खोदून खोदून विचारतात, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आणि माणूसघाणे? माझ्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. राहायला गेले त्याच आठवड्यात कचरा बाहेर ठेवला, तर जिना चढून वर आल्या. माझ्यादेखत पिशवी सोडली, पाण्याची बाटली काढली, नखाने लेबल सोलून माझ्या हातात दिलं, बाटली पायाखाली चपटी केली आणि वेगळी ठेवली. एक शब्द नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं. याच बाईंनी नोव्हेंबरअखेर वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, घातली, तेव्हा खारवलेला जवळा न घालता एक डबा माझ्यासाठी वेगळा भरला आणि दाराशी ठेवून गेल्या. मी काय खात नाही हे त्यांनी कचऱ्यातूनच ओळखलं असणार. तेव्हाही हसल्या नाहीत. मला ते हसू नकोच आहे, डबा पुरतो.

पंक्चर_सायकल
घरमालकीण चांगली मिळाली, छान. पण लॅबबद्दल एक अक्षर नाही? मी तिथे मास्टर्स केलं आणि पीएचडी करायची नाही असं ठरवून परत आलो. प्रोफेसर केबिनमध्ये असेपर्यंत कुणी उठायचं नाही, काम संपलेलं असो नसो. रविवारी काकाओटॉकवर (तिथलं व्हॉट्सॲप) मेसेज येतो, आणि आपण वाचला की शेजारचा '१' आकडा जातो, म्हणजे पाहिलं नाही म्हणायची सोय नाही. स्लाइड इंग्रजीत, चर्चा दोन तास कोरियनमध्ये, शेवटी माझ्याकडे वळून 'ओके?' डी-२ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा कॉलेजातल्या प्रवेशावर टिकलेला, त्यामुळे प्रोफेसरशी बिनसलं की सगळंच टांगणीला. तू ज्या जन्मसालाचं कौतुक करतेस, त्याच उतरंडीवर हे सगळं चालतं.

कुलकर्णी_काका
जेवणाचा मुद्दा मात्र खरा आहे. माझी मुलगी सोलला शिकते. भाजीचं सूप मागवलं तर पाणी सुक्या मासळीचं. किमचीत मासळी. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, त्यातला हॅम उपसून काढतात आणि म्हणतात, झालं शाकाहारी. देवळातलं जेवण शुद्ध, कांदा-लसूणही नाही, पण ते कॉलेजपाशी रोज कोण देणार? सोलमधल्याच इतेवॉन भागातून तूरडाळ आणते, तर गोशीवॉनच्या, म्हणजे स्वस्त वसतिगृहासारख्या जागेतल्या एवढ्याशा खोलीत कुकर लावता येत नाही. एवढ्या प्रगत देशाला हे समजू नये?

मालवणी_बुसानात
काका, तुमच्या डाळीची काळजी त्यांनी का करावी? मी इथल्या जागालची मासळीबाजारात शिरलो की सुक्या मासळीच्या वासाने मालवणात आल्यासारखं वाटतं. माझी उपासमार झाली ती पुण्यात. 'फक्त शाकाहारी' ही अट प्रत्येक जाहिरातीत. एक मालक फोनवर आडनाव ऐकून म्हणाला, घरी काय खाता? आईने पाठवलेल्या सुक्या बोंबलांचा डबा जिन्यात उघडला, तर महिनाअखेर खोली सोडायला लावली. इथल्या मालकाने मी काय शिजवतो हे कधी विचारलेलं नाही.

कुलकर्णी_काका
म्हणजे आता प्रत्येक शाकाहारी माणूस आरोपी? माझं घर, कुणाला द्यायचं मी ठरवणार. मुलीच्या उपासाचं सांगतोय आणि तुम्ही जात काढताय!

मालवणी_बुसानात
जात मी नाही काढली. आडनाव त्या मालकाने विचारलं.

दुभाषी_रांजणगाव
भांडताच आहात तर ऐका. मी पुण्याकडे कोरियन इंजिनियरांसाठी दुभाषाचं काम करते, घर शोधायलाही सोबत जाते. एका सोसायटीने कंपनीचं पत्र आणि भाड्याचा आकडा बघून लगेच हो म्हटलं. खाण्याची अट कुणी काढलीच नाही. त्याच सोसायटीत आमच्या ऑफिसातल्या रत्नागिरीच्या मुलाला मासे खातो म्हणून नकार मिळाला होता.

कुलकर्णी_काका
हे असं होत असेल तर चूक आहे. नियम असेल तर सगळ्यांना सारखा हवा. एवढंच मान्य करतो, पुढे नाही.

सई_देजॉन
धागा पुण्याचा नव्हता! असो. सायकल, लॅबचं तू लिहिलंस ते घडतं, नाकारत नाही. पण ते परदेशी म्हणून आपल्यालाच होतं असं नाही. माझ्या लॅबमधली कोरियन मुलं दीड वर्ष सैन्यात काढून आलेली, तीही रात्री उशिरापर्यंत तशीच बसून असतात आणि तीही वैतागतात. याला माणूसघाणेपणा कसा म्हणायचा? टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी झाल्यापासून मला मीटिंगमधलं बरंच कळतं.

पंक्चर_सायकल
त्यांनाही जाचतं म्हणून मी सोसायचं? रात्री अकराला सुटणाऱ्याने भाषेचा क्लास कधी करायचा? २०२३ मध्ये त्यांचा जननदर बाईमागे ०.७२ मूल एवढाच होता, वर्ग भरायला मुलं नाहीत म्हणून आपल्याला बोलावतात. मग मीटिंग इंग्रजीत घ्या, नाहीतर भाषेसाठी कामातून तास द्या.

सई_देजॉन
तास द्यावेत हे शंभर टक्के. पण 'जाऊ नये' नाही. प्रोफेसरला मेल करण्याआधी त्या लॅबमधला परदेशी विद्यार्थी गाठा. मीटिंग कुठल्या भाषेत, शनिवारी यावं लागतं का, आधीचे किती वर्षांत सुटले, स्पष्ट विचारा. तो घुटमळला तर दुसरी लॅब बघा.

कुलकर्णी_काका
कुकर चालेल अशी खोली कशी शोधायची तेही सांगा.

सई_देजॉन
काका, गोशीवॉन सोडून वनरूम, म्हणजे एका खोलीचं स्वतंत्र घर, बघा. डिपॉझिट बरंच जास्त लागतं, पण शेगडी आपली एकटीची असते. करार सहसा वर्षाचा, तेव्हा मुलीला सही करण्याआधी नीट वाचायला सांगा. आणि मासळीचं पाणी नको असेल तर कागदावर 'मासळीचा रस्सासुद्धा नको' असं कोरियनमध्ये लिहून दाखवायचं. नुसतं शाकाहारी म्हटलं तर त्यांना मांस तेवढं नको असं वाटतं.