मदत हवी आहे: युटाच्या वाळवंटी दऱ्यांत एकट्याने सायकल, पाण्याचं काय करू?

मंडळी नमस्कार, मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. एप्रिलअखेरीस अमेरिकेत युटामध्ये एकटाच सायकलवर निघतोय. एस्कलांटे, बोल्डर, टोरी, हँक्सव्हिल आणि मग हायवे 95 ने ब्लँडिंग.

घोडं अडलंय ते याच शेवटच्या टप्प्यावर. अंतर सुमारे 195 किलोमीटर, मध्ये म्हणावं असं गाव नाही. खात्रीचं पाणी नॅचरल ब्रिजेस या संरक्षित उद्यानाच्या व्हिजिटर सेंटरला, म्हणजे अर्ध्याहून बरंच पुढे. हाइटजवळ कोलोरॅडो नदी लागते, पण तिच्यात गाळ इतका की फिल्टर चोंदतो. तिकडचे नावाडी म्हणे तुरटीने गाळ खाली बसवतात (आजीचा माठ आठवला!). कोणी हे करून पाहिलंय का? की सरळ 10 लिटर, म्हणजे 10 किलो, लादून निघू?

चढाचीही धास्ती आहे. बोल्डर माउंटनचा रस्ता 2,900 मीटरच्या आसपास जातो आणि आमचं बडोदं सपाट. पावागढला माचीपर्यंत सामानासकट चढतोय, पण तेवढ्याने भागेल असं वाटत नाही.

स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो तिथेच घेईन.

आणि हो, आपला सराटा तिकडेही भरपूर आहे, टायरची चाळण करतो. ट्यूबलेस करून घेऊ की जाड ट्यूब आणि पंक्चरचं सामान पुरेल? तिकडे राहणाऱ्यांनी किंवा लडाख-कच्छ सायकलने केलेल्यांनी जरूर सांगा.