प्रति: मांजराचं पिल्लू आणि हॅमस्टर एकाच घरात

मांजराचं पिल्लू आणि हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) एकाच घरात सुरक्षित राहतील का, असा प्रश्न इथे विचारलाय. ‘लहानपणापासून एकत्र वाढवलं की मांजर हॅमस्टरला सोडून देतं’ हे त्यावर आलेलं मत पटत नाही. सवयीने ओळख होते, पण समोरून काही तुरुतुरु पळालं की झडप पडतेच. पिल्लाला तो खेळ वाटतो, एवढंच.

‘पिंजरा आहे ना’ हेही अपुरं. तारेच्या पिंजऱ्यात गजांमधून पंजा आत जातो आणि हॅमस्टर नेमका गजांना लटकतो. त्यापेक्षा काचेची टाकी घ्या. वर बारीक लोखंडी जाळीचं झाकण, दोन्ही बाजूंना क्लिपा. नुसतं ठेवलेलं झाकण पिल्लू उडी मारून पाडतं. टाकी जड, न हलणाऱ्या कपाटावर ठेवा, पण उन्हापासून लांब, कारण काचेत उष्णता साठते. हॅमस्टर रात्री चाकावर पळतो, म्हणून त्या खोलीचं दार रात्री बंदच.

इथे कोणी न लिहिलेली गोष्ट: मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. दाताचं टोचल्याएवढं भोक वरून मिटतं, आत पू होतो. रक्त दिसलं नाही तरी हॅमस्टर तोंडात धरला गेला असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. प्रतिजैविक मात्र मनाने देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरच्या जिवावर बेततात.