हॉलिंग्जनी स्वतःचंच नाव काढायला लावलं

कोर्टाच्या इमारतीला जजचं नाव देणं म्हणजे नुसता पाटी बदलायचा सोपस्कार, असं कुणी म्हटलं की मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या चार्ल्सटनचं बघा ना. तिथले जज वेटीज वेअरिंग, गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांच्या ब्रिग्ज विरुद्ध इलियट खटल्यात १९५१ला तीन जजपैकी दोघं वेगळ्या शाळांच्या बाजूला आणि हे एकटेच विरोधात, स्पष्ट लिहिलं की वेगळं ठेवणं म्हणजेच असमानता. त्याआधीच्या निकालांमुळेच घरावर दगड पडलेले, गावानं वाळीत टाकल्यासारखं केलेलं, शेवटी १९५२ला रिटायर होऊन न्यूयॉर्कला गेले बिचारे. १९५४ला सुप्रीम कोर्टानं ब्राऊन केसमध्ये (वेगळ्या शाळांविरुद्धचा गाजलेला खटला) एकमतानं तेच म्हटलं आणि ब्रिग्ज त्यातलीच एक केस होती!

आणि आता खरी गोष्ट, चार्ल्सटनच्या ज्युडिशियल सेंटरला, म्हणजे कोर्टाच्या इमारतीला, सिनेटर हॉलिंग्ज यांचं नाव होतं, ते हयात असताना त्यांनीच सांगितलं की माझं काढा, वेअरिंग यांचं लावा. त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, रीतसर बिल पास झालं आणि २०१५ला नाव बदललं. स्वतःचं नाव उतरवायला सांगणारा पुढारी मी तरी दुसरा ऐकला नाहीये. ज्या गावातून माणसाला जावं लागलं तिथल्याच कोर्टाच्या दारावर आज त्याचं नाव आहे.