मरणाची आठवण: शुक्र (कृतज्ञता) की धास्ती?

मुसाफिर:
सकाळी जाग आल्यावर म्हणायची एक छोटीशी दुआ आहे. अर्थ साधारण असा, की आम्हाला मरण देऊन पुन्हा जिवंत करणाऱ्या अल्लाहची स्तुती, आणि शेवटी उठून त्याच्याकडेच जायचं आहे. लहानपणापासून तोंडपाठ. पण झोपेला इथे सरळ मरण म्हटलंय, हे माझ्या ध्यानात आलं ते वडिलांना दफन केल्याच्या दुसऱ्या सकाळी. नखांत अजून कबरीवरची माती होती. जीभ सवयीने सुरू झाली आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ या पहिल्याच शब्दाशी अडखळली.
कुरआनात (३९:४२) झोप आणि मृत्यू एकाच आयतीत येतात. जीव दोन्ही वेळा काढून घेतला जातो. ज्याची वेळ भरली त्याचा ठेवून घेतात, बाकीच्यांचा ठरल्या मुदतीपर्यंत परत पाठवतात. म्हणजे रोजची सकाळ ही मुदतवाढ. तेव्हापासून फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, उठायचा कंटाळा गेला असं नाही, पण कुरकुर कमी झाली. मरण आठवल्याशिवाय शुक्र खरा होत नाही, असं माझं मत. तुमचं?

तिरकस:
लिहिलंय छान, पण हा तुमचा अनुभव झाला. आमच्या वाट्याला आला तो कबरीचा अजाब, म्हणजे मेल्यावर कबरीत होणाऱ्या यातना. साप, विंचू, कबर आवळत जाते आणि बरगड्या एकमेकींत घुसतात. आठ-नऊ वर्षांचा असताना मला डोक्यावरून पांघरूण घेता येत नसे, कफन वाटायचं. धाकाने म्हटलेल्या अल्हम्दुलिल्लाहला मी शुक्र म्हणत नाही.
आणि ‘लज्जतींचा नाश करणाऱ्याची आठवण वारंवार काढा’ ही मरणाबद्दलची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, घ्या. प्रत्येक सुखावर विरजण पडायचं असेल, तर आभार मानायचे कशाचे?

मुसाफिर:
धास्तीचं मान्य. घाबरवणं वक्त्यांना सोपं जातं. पण त्याच परंपरेत संकटाला कंटाळून मरण मागायला मनाई आहे (बुखारी आणि मुस्लिम हे हदीससंग्रह). आणि ‘कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाका’ ही मुस्नद अहमद या संग्रहातली हदीसही त्यातलीच. फळ कोण खाणार, सावलीत कोण बसणार? तरीही लावा. यात विरजण कुठे दिसतं?

सावली:
मला तिसरीच अडचण आहे. भाऊ गेला तेव्हा तिसऱ्या दिवसापासून ज्या त्या बाईचं एकच: सब्र (धीर) कर, शुक्र कर, आईवडील तरी आहेत ना. शुक्र म्हणजे गप्प बसवायचं हत्यार झालं होतं. रडलं की इमान (श्रद्धा) कच्चं! पैगंबरांचा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डोळे पाझरतात, मन दुःखी होतं, पण आम्ही बोलतो तेच जे रबला आवडेल, असं ते म्हणाले (बुखारी). हे मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतः शोधलं. वर्षभरानंतर.

तिरकस:
सावलीताई, अगदी. जुने इस्लामी विचारवंत गझाली यांचं नाव घेऊन मृत्यूवर बोलणारे एक गोष्ट गाळतात. त्यांच्या ‘इह्या’ या ग्रंथाची ४० प्रकरणं, शेवटचं मृत्यूच्या स्मरणावर. त्यातच ते म्हणतात की दुनियेत बुडालेल्याला मरण आठवलं तर तो फक्त हळहळतो, आणि त्या आठवणीने अल्लाहपासून आणखी दूर जातो. म्हणजे नुसती आठवण पुरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

हिशेबवही:
तुमचं सगळं मनाभोवती चाललंय, मी व्यवहाराचं बोलतो. मागे ठेवण्याजोगं काही असेल, तर लेखी वसियत (मृत्युपत्र) जवळ असल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी हदीस आहे. ती सांगणारे पैगंबरांचे सोबती इब्न उमर म्हणतात, ऐकल्यापासून माझी एक रात्रही वसियतीशिवाय गेली नाही. वसियत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते, आणि त्याच्याही आधी कर्ज फेडायचं. जनाजा समोर आला की पैगंबर विचारायचे, याच्यावर कर्ज आहे का?
म्हणून मी एका रात्री वही घेऊन बसलो. देणी तीनच निघाली. चौथ्या ओळीवर एका मित्राचं नाव लिहून मोकळा झालो आणि मग आठवलं, त्याचे पैसे तर कधीच फेडलेत. आभार मानायचे राहिले होते. रात्री अकराला फोन लावला. तो घाबरला, म्हणाला, कोण गेलं?

मुसाफिर:
हाहा. हे माझ्या दुआपेक्षा भारी आहे.

तिरकस:
वही पटली, आजच काढतो. मत मात्र बदललेलं नाही. लहान पोरांसमोर साप-विंचू काढणाऱ्यांना माझी माफी नाही. अवांतर: माझी मुलगी सात वर्षांची. परवा झोपताना विचारत होती, कबरीत अंधार असतो का. मी दिवा चालू ठेवला आणि विषय बदलला. पुन्हा विचारणार आहे ती, मला माहीत आहे. तुम्ही काय सांगाल?